परवाचं हैदराबाद

हैदराबादसाठी आमच्याकडे एक दिवस होता आणि माझ्या खिशात नऊ ठिकाणांची यादी होती. गोवळकोंडा, कुतुबशाही मकबरे, सालारजंग, चौमहल्ला, मक्का मशीद, चारमिनार, लाड बाजार, बिर्ला मंदिर आणि शेवटी हुसेनसागरातला बुद्ध. प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. बुद्धाला मी वीस मिनिटं दिली होती. तो उभाच आहे, बघायला जास्त वेळ लागू नये, असा हिशेब.

आत्याची यादी मात्र एका ओळीची होती. "मला बारा वाजता घड्याळापुढं बसव. बाकी तुला कुठं हिंडायचं ते हिंड."

या घड्याळाचं प्रकरण आमच्या घरात जुनं आहे. आबांचं, म्हणजे आत्याच्या वडिलांचं, शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालं. सातबारापासून सुप्रीम कोर्टापर्यंत कुठलाही विषय निघाला की ते हैदराबादवर येऊन थांबायचे. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला, चार वर्षांनी महाराष्ट्र झाला, राजधानी बदलली. आबांची सवय काही बदलली नाही. मुंबईला ते आयुष्यात दोनदा गेले आणि दोन्ही वेळा "तिथं बोलायला कोणी थांबत नाही" म्हणून परत आले. हैदराबादला मात्र वर्षातून एकदा, काम असो नसो, जायचेच. एका वर्षी त्यांनी पंधरा वर्षांच्या लेकीला बरोबर नेलं. सालारजंग म्युझियमात एक घड्याळ आहे, तासातासाला त्यातून एक माणूस बाहेर येतो आणि टोले देतो. बाराला गेलं की बारा टोले बघायला मिळतात, असं तिला नांदेडपासून सांगत नेलं. आणि अगदी म्युझियमजवळच्या नयापुलाशी पोचल्यावर आबांना त्यांचा वर्गमित्र भेटला. दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची, मग एकमेकांच्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली. मग चहा झाला. बापलेक घड्याळापुढे पोचले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि लोक चपला शोधत असल्यासारखे इकडेतिकडे पांगत होते. एकपर्यंत थांबू म्हटलं तर आबांना भूक लागलेली.

"जाऊ दे, परवा येऊ परत," आबा म्हणाले.

या गोष्टीला आता पंचावन्न वर्षं होतील.

रात्री नांदेडला गाडीत बसलं की सकाळी काचीगुडा. एके काळची ही मनमाडपासूनची मीटरगेज. आबांच्या मते त्या गाडीचा वेग माणसाच्या स्वभावाला मानवणारा होता. स्टेशनाबाहेर पन्नाशीचे एक रिक्षावाले भेटले. दिवसभराचे पैसे ठरवताना मी माझं पुस्तकी हिंदी काढलं, ते त्यांनी सहनशीलपणे ऐकून घेतलं आणि आत्याकडे वळून म्हणाले, "अम्मा, आप बोलो." आत्याने बोलायला सुरुवात केली आणि मला प्रथमच कळलं की आमच्या घरात दखनी बोलणारं माणूस आहे. "इत्ते पैसे नक्को बोलो," ती म्हणाली. "हौ अम्मा," ते म्हणाले. सौदा झाला.

दखनी ऐकताना मराठी माणसाला सारखं आपलं काहीतरी हरवलेलं सापडल्यासारखं वाटतं. त्यांचं 'नक्को' हे आपलं 'नको'च आहे, हैदराबादेत येऊन जरा अंगाने भरलेलं. 'मेरेकूच', 'वहीच', 'ऐसाइच' यांच्या शेपटीला चिकटलेला तो 'च' तर सरळसरळ आपल्या घरून गेलेला. उत्तरेत हिंदी बोलताना आपण जो 'च' दातांखाली दाबून ठेवतो, तो इथे मोकळा सोडता येतो. आत्याने दिवसभर सोडला.

गोवळकोंड्याच्या वाटेवर रिक्षावाल्यांनी घरची हकीकत सांगितली. दोन मुली, एकीचं लग्न झालेलं, आणि "अब्बा गुजर गये, परसों."

आत्याने पदर तोंडाला लावला. "अरेरे! और तुम आज रिक्षा लेके निकले?"

"तो क्या करतूं अम्मा? सात साल हो गये."

हैदराबादी 'परसों'ची ख्याती मी ऐकून होतो. काल जे नाही ते सगळं परसों. गेला आठवडा परसों, शाळेचे दिवस परसों, निजामाची बादशाहीसुद्धा, फार ताणलं तर, परसोंच. मला हसू आलं. पण मग आठवलं की आमचा 'परवा' काही फार शहाणा नाही. तो मागेही जातो आणि पुढेही. "परवा आलो होतो" आणि "परवा येईन" यांतला फरक सगळा क्रियापदाच्या भरवशावर. शिवाय आत्याच आदल्या रात्री गाडीत शेजारच्या बाईंना सांगत होती, "मी परवा आले होते की हैदराबादला, आबांबरोबर."

गोवळकोंड्यात शिरायला औरंगजेबाला १६८७ साली आठ महिने लागले, आणि तेही आतून कोणीतरी दार उघडून दिलं म्हणून. आम्ही तिकीट काढून दहा मिनिटांत आत होतो. त्या वेळचा कुतुबशहा, अबुल हसन तानाशहा, याला पकडून औरंगजेबाने आमच्या दौलताबादच्या किल्ल्यात आणून ठेवलं, तिथल्या चिनी महालात. उरलेलं आयुष्य त्याने तिथेच काढलं. म्हणजे हैदराबादहून मराठवाड्यात येणारा माणूस काही नेहमी राजीखुशीने येत नसे, हेही लक्षात ठेवायला हवं. याच तानाशहाकडे त्याआधी दहा वर्षं, १६७७ मध्ये, दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज आले होते. आपल्या बखरी या शहराला भागानगर म्हणतात. महाराजांचा मुक्काम इथे महिनाभर होता. कामाचा व्याप माझ्याहून थोडा जास्त असूनही त्यांना महिना काढता आला, ही गोष्ट यादी करताना माझ्या ध्यानात आली नव्हती.

किल्ल्याच्या दरवाजातल्या घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवली की ती वर बालाहिसारात ऐकू येते. खाली कोण आलं हे वर कळावं म्हणून केलेली ही सोय. आता येणारा प्रत्येक जण ती तपासून बघतो. आत्याचे गुडघे चढण्यातले नव्हते. ती घुमटाजवळच्या सावलीत बसली आणि मला म्हणाली, "तू जाऊन ये. उशीर करूलालास असं वाटलं की मी टाळी वाजवते."

"आत्या, इथे शंभर माणसं टाळ्या वाजवतायत. तुझी कोणती ते मला कसं कळणार?"

"कळंल."

तीनशेऐंशीच्या आसपास पायऱ्या आहेत असं म्हणतात. मी दीडशेनंतर मोजणं सोडलं. वर जगदंबेचं देऊळ आहे, त्याच्याही वर बारादरी. तिथून सगळं हैदराबाद पसरलेलं दिसतं, आणि एका बाजूला कुतुबशाही मकबऱ्यांचे घुमट, ताटात मांडून ठेवलेल्या मुदींसारखे. मी खिशातून यादी काढली आणि मकबऱ्यांवर काट मारली. बघितले तर होतेच, फक्त वरून. बायकोला फोटो पाठवणार तेवढ्यात खालून टाळ्या आल्या. आधी एक मोठी, कोणा पोराची. मग दोनचार विस्कळीत. आणि मग एकदम ठेक्यातली: घरच्या आरतीची, मध्ये एक दम घेणारी, कडवं संपताना जराशी लांबणारी. गणपतीत चाळीस वर्षं ऐकलेली. इब्राहिम कुतुबशहाच्या गवंड्यांनी घुमट काय विचाराने बांधला असेल कोणास ठाऊक, पण नांदेडच्या एका म्हातारीचा निरोप त्याने एवढ्या उंचीवर एक मात्राही न सांडता आणून दिला. मी नाक्यावरून हाक आल्यासारखा धावत खाली आलो.

"दहा वाजले," आत्या म्हणाली. "ट्रॅफिक असतंय."

ट्रॅफिक होतं. मुसी ओलांडताना तर रिक्षा पुलावर दहा मिनिटं उभी राहिली, त्यामुळे नदी नीट बघता आली. यादीत नसलेलं पहिलं ठिकाण. पात्र रुंद आणि पाणी मधोमध, मोठ्या घरात एकटं राहणाऱ्या माणसासारखं. या पाण्याने १९०८ च्या सप्टेंबरात निम्मं शहर धुऊन नेलं होतं हे सांगून खरं वाटत नाही. उस्मानिया दवाखान्याच्या आवारात एक चिंच आहे. पुराच्या दिवशी तिच्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली असं सांगतात. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि वर धरणं बांधली गेली. "आबा ती चिंच दाखवायचे," आत्या म्हणाली, आणि लगेच घड्याळ बघून, "आज नाही."

नयापुलाशी मी उगीचच आजूबाजूला पाहिलं. माझा कोणी वर्गमित्र हैदराबादेत नाही याचं त्या दिवशी बरं वाटलं.

सालारजंग म्युझियम म्हणजे बव्हंशी एका माणसाचा पसारा. मीर यूसुफ अली खान, तिसरे सालारजंग. तेविसाव्या वर्षी निजामाचे दिवाण झाले, दोनेक वर्षांत ते काम सोडलं आणि मग १९४९ मध्ये वारेपर्यंत वस्तू घेत राहिले. हस्तिदंत, जेड, तलवारी, चिनी बरण्या, काठ्या, घड्याळं, पोथ्या, बाहुल्या. लग्न केलं नाही. वाटेतल्या फलकावरची ही माहिती मी वाचून दाखवली तेव्हा आत्या थांबली आणि चहूकडच्या कपाटांवरून तिने नजर फिरवली. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. "बायको असती तर दुसरी बरणी घरात येऊ दिली नसती." मला वाटतं, संग्रहालयशास्त्राच्या पुस्तकांतून हा मुद्दा निसटला आहे.

सव्वाअकराला आम्ही घड्याळापुढे. कुक अँड केल्व्हीचं ते, देव्हाऱ्यासारखं कोरीव आणि उंच. एक चिमुकला लोहार त्यात अखंड घण घालत असतो, सेकंदाला एक. दुसरा बंद दाराआड, तासाची वाट बघत. आत्याने पहिल्या रांगेतली जागा धरली, पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली आणि मांडी घालता येत नाही म्हणून नुसते हात जोडून बसली. साडेअकराला निम्म्या जागा भरल्या. पावणेबाराला एका शाळेची सहल आली, शंभरेक पोरं, दोन बाई. बाराला पाच कमी असताना उभं राहायलाही जागा नव्हती. रोज बघणारे पहारेकरीसुद्धा मान वर करून उभे. मी देशातल्या बऱ्याच देवळांत गेलो आहे. दर्शनासाठी एवढा शांत घोळका मी पाहिलेला नाही.

दार उघडलं. दाढीवाला एक छोटा माणूस बाहेर आला. सगळे मोबाईल एकदम वर गेले. पहिला टोला पडला आणि शाळेच्या पोरांनी एका सुरात मोजलं, "ओकटि!" दुसरा, "रेंडु!" तिसरा, "मूडु!" बाईही मोजत होत्या. मागचं एक गुजराती कुटुंब आपल्या भाषेत मोजत होतं. आत्या ओठातल्या ओठात. "पन्नेंडु!" असा शेवटचा जल्लोष झाला, छोटा माणूस आत गेला, दार लागलं. मोबाईल खाली आले. लोक उठायला लागले, अगदी चपला शोधत असल्यासारखे.

आत्या हलली नाही.

"अकराच पडले," ती म्हणाली.

"बारा पडले, आत्या. पोरांनी मोजले की."

"त्या पोरांनीच घोळ घातला. ती नालुगु म्हणाली तेव्हा माझे तीन झाले होते. एकतर एक टोला मला ऐकू आला नाही, नाहीतर पडलाच नाही."

मी तिला समजावून सांगितलं. घड्याळ शंभर वर्षांहून जुनं, ते चुकत नाही. मोबाईलवर कोणीतरी घेतलं असेल, ते बघू. "मोबाईलमधी बघायचं होतं तर नांदेडात बघितलं असतं," आत्या म्हणाली, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी यादी काढली. बारा ते एक, चौमहल्ला.

"एकला थांबू," ती म्हणाली.

मधला तास आम्ही आत हिंडलो. लोक इथे मुख्यतः रेबेकासाठी येतात. बेंझोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराने घडवलेली, १८७६ मध्ये पहिल्या सालारजंगांनी आणलेली. तोंडावरून पातळ बुरखा घेतलेली तरुणी, आणि बुरख्यातून नाकडोळे दिसतात. सगळं एकाच संगमरवरात. माणसं तिच्यापुढे 'दगडात हे कसं केलं' या एकाच प्रश्नाने गप्प होतात. आत्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "लग्नाआधीची आहे," ती म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा मी असंच खाली बघत होते. आबा म्हणाले, वर बघ की जरा." मग बराच वेळ आम्ही दोघं उभे राहिलो. बायबलातल्या रेबेकाची कथा मी सांगणार होतो, पण गरज उरली नव्हती. समोरून मेफिस्टोफेलिस आणि मागून मार्गारेटा असलेला तो लाकडी पुतळा आम्ही येताजाता पाहिला. जेड पाहायचं राहिलं. तलवारींच्या दालनात आत्या म्हणाली, "पावणेएक."

एक वाजताची गर्दी वेगळीच असते. खरं म्हणजे गर्दी नसतेच. एका टोल्यासाठी कोण थांबणार? पुढच्या रांगेत आम्ही दोघं, मागे एक आजोबा, पाय दुखतात म्हणून टेकलेले. घण चालूच होता. दार उघडलं, छोटा माणूस आला, आणि त्याने एक टोला दिला. एकच. त्याच्यामागे तो धातूचा आवाज त्या मोठ्या जागेत जरा वेळ राहिला, मग संपला. तो आत गेला.

"एक," आत्या म्हणाली. आणि मग, पिशवी उचलत, "बरोबर आहे."

यानंतर दिवसाचं जे व्हायचं ते झालं. जेवायला अडीच वाजले. तिथून चारमिनार हाकेच्या अंतरावर, पण ही हाक बाजारातून जाते. लाड बाजारात लाखेच्या बांगड्या बघताना आत्याला सुनेचं माप आठवेना. दोन-चार की दोन-सहा? घरी फोन लावला तर सून म्हणाली, आणू नका. म्हणजे आणायलाच हव्या होत्या. दुकानदाराने आत्याला स्टुलावर बसवलं आणि सून किती उंच, हात कसा, भाकऱ्या करते का, असं विचारत तोंडी वर्णनावरून माप काढलं. दोन-सहा. (घरी गेल्यावर ते बरोबर निघालं. शिंप्यांनी यांच्याकडे शिकायला जावं.)

त्यात पाऊण तास गेला, आणि चारमिनारच्या तिकिटाची रांग बघून आत्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. वर जायला गोल जिना आहे, दीडशेच्या आसपास पायऱ्या, ते राहिलं. खालूनच पाहिला. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये शहर वसवलं तेव्हाचा, त्या शहराच्या मधोमध घातलेला खिळा. चारी बाजूंना घड्याळं आहेत, १८८९ साली बसवलेली. बांधणाऱ्याला घड्याळाची गरज वाटली नव्हती. तीनशे वर्षांनी कोणाला तरी वाटली. एका जागी उभं राहून त्यांतली दोनच दिसतात, त्यामुळे चौघांत मतभेद असले तरी बाहेर कळत नाहीत. मक्का मशिदीचं दार दुरून पाहिलं.

मग इराणी हॉटेल. दूध वेगळं आटवायचं, चहाचं पाणी वेगळं उकळायचं आणि दोघांची गाठ कपात घालून द्यायची, असा तो चहा. बरोबर उस्मानिया बिस्किटं, गोड आणि खारट यांच्या सीमेवरची. रिक्षावालेही आमच्याबरोबर बसले. त्यांनी बिस्किट बशीतल्या चहात बुडवलं, आत्यानेही बुडवलं. मी यादी टेबलावर ठेवली. चौमहल्ला, बिर्ला मंदिर आणि बुद्ध उरले होते. गाडीला दोन तास.

"बुद्ध कैको आज?" रिक्षावाले म्हणाले. "उनो कहाँ जारे?"

ते खरं होतं. तो साडेतीनशे टनांचा पुतळा १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना हुसेनसागरात बुडाला. माणसंही गेली त्यात. दोन वर्षांहून जास्त काळ तो तळाशी पडून होता. १९९२ च्या डिसेंबरात वर काढला आणि मग जागेवर उभा राहिला. माझ्या वीस मिनिटांसाठी त्याची काही अडचण झाली नसती. मी दुसरा चहा मागवला. तिघांत दोन.

काचीगुड्याला आम्ही गाडीच्या तासभर आधी पोचलो, कारण आत्या. जाळीच्या खिडक्या आणि घुमटांचं ते जुनं स्टेशन संध्याकाळच्या उन्हात एखाद्या नवाबाच्या बैठकीसारखं दिसत होतं. ते यादीत घालायला हवं होतं. रिक्षावाल्यांनी बांगड्यांचं खोकं स्वतः उचलून आत्याच्या हातात दिलं. मी पैसे दिले, वर थोडे जास्त दिले, त्यांनी ते न मोजता खिशात घातले.

"फिर कब आते अम्मा?" त्यांनी विचारलं. "वो चिंच का झाड रह गया आपका."

आत्या पायरी चढत होती. वळूनही न बघता म्हणाली, "परसों."

"हौ," ते म्हणाले, आणि रिक्षा चालू केली.